गालिसचे चाळीस गुण आणि कळंगुटचा पुतळा

२०२१च्या डिसेंबरअखेर गोव्यातल्या कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्दोचा पितळी पुतळा उभा राहिला. वजन सुमारे ४१० किलो. अनावरणाला काळे झेंडे दिसले. गोवा मुक्तीला साठ वर्षे होतात न होतात तोच पोर्तुगीज खेळाडूचा पुतळा कशाला, हा एक आक्षेप होता. पुतळाच बसवायचा तर गोव्याचेच फुटबॉलपटू ब्रह्मानंद शंखवाळकर किंवा ब्रुनो कुतिन्हो यांचा का नको, हा दुसरा. बसवणाऱ्यांचे उत्तर ठरलेले होते: मुलांना प्रेरणा मिळेल. वाद रंगला, पण तो आपला कोण आणि परका कोण यावरच फिरत राहिला. एखाद्या खेळाडूला लोकांनी डोक्यावर घ्यावे इतके कौशल्य त्याच्या अंगी आहे का, आणि ते तपासायचे कसे, हा मूळ प्रश्न बाजूलाच पडला.

रोनाल्दोवर हा प्रश्न सोडवायला जाऊ नये, त्यात आपल्या इतिहासाचे काटे फार. दूरचे उदाहरण बरे: ग्रीसचा बास्केटबॉलपटू निकोस गालिस. एखाद्या देशाने एका खेळाडूची भक्ती किती करावी याची हद्द जिथे गाठली गेली, अशा मोजक्या उदाहरणांपैकी हे एक. गंमत म्हणजे तोही जन्माने अमेरिकेचा, पण ग्रीकांनी ते कधी मनावर घेतले नाही. आमचे मत आधीच सांगतो. गालिसच्या कौशल्याने ती भक्ती पुरेपूर कमावलेली होती. मात्र लोकांनी पूजा केली ती धावफलकावरच्या आकड्याची. त्याचे खरे कौशल्य त्या आकड्यात दिसत नव्हते, आणि त्याच आकड्याने त्याच्या शेजारचा माणूस झाकून टाकला.

गालिसचा जन्म १९५७चा, न्यू जर्सीतल्या युनियन सिटीत, ग्रीक स्थलांतरितांच्या घरी. उंची १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट. आपल्याकडे रस्त्यावर उंच वाटेल, बास्केटबॉलमध्ये बुटका. लहानपणी त्याचा ओढा मुष्टियुद्धाकडे होता. सीटन हॉल विद्यापीठाकडून खेळताना १९७८-७९च्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे २७.५ गुणांची होती, सबंध अमेरिकेतल्या विद्यापीठांत तिसरी. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक साखळीच्या बोस्टन सेल्टिक्स संघाने त्याला चौथ्या फेरीत निवडले, पण सराव शिबिरात घोटा दुखावला आणि संघातली जागा गेली. त्याच वर्षी तो थेसालोनिकी शहराच्या आरिस क्लबात दाखल झाला.

तोवर ग्रीसमध्ये बास्केटबॉल हा दुय्यम खेळ होता. १९४९चे युरोपीय कांस्य सोडले तर राष्ट्रीय संघाच्या नावावर त्या स्पर्धेतले एकही पदक नव्हते. ऐंशीच्या दशकात चित्र पालटले. आरिसचे युरोपीय सामने गुरुवारी रात्री असत आणि त्या वेळी नाट्यगृहे, चित्रपटगृहे ओस पडत. १४ जून १९८७ रोजी पिरेयसच्या स्टेडियममध्ये युरोपीय अजिंक्यपदाची अंतिम लढत झाली. ग्रीसने सोव्हिएत संघाला जादा वेळेत १०३-१०१ असे हरवले. गालिसचे गुण ४०, म्हणजे संघाच्या एकूण गुणांपैकी जवळपास ३९ टक्के. सबंध स्पर्धेतली त्याची सरासरी ३७. देश रात्रभर रस्त्यावर होता. पुढे २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ज्योत स्टेडियममध्ये घेऊन आला तो गालिसच. अथेन्सच्या ऑलिंपिक संकुलातल्या बंदिस्त क्रीडागृहाला २०१६ला त्याचे नाव देण्यात आले.

आता आक्षेप. गालिसच्या टीकाकारांचा पहिला मुद्दा सरळ आहे: सगळे शॉट तोच मारायचा, मग गुण त्याचेच होणार. मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नुसत्या गुणांच्या सरासरीवरून खेळाडू जोखणे ही बास्केटबॉलमधली सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडलेली चूक आहे. त्यामुळे आधी हिशेब कसा करतात ते पाहू.

खेळाडूने मारलेले सगळे शॉट घ्यायचे, दोन गुणांचे आणि तीन गुणांचे एकत्र. त्यात त्याने घेतलेल्या फ्री थ्रोंची, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या विनाअडथळा शॉटांची, संख्या ०.४४ने गुणून मिळवायची. ०.४४ अशासाठी की फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात आणि ती जोडी मिळून संघाची एकच संधी खर्च होते. शिवाय काही फ्री थ्रो बास्केट झाल्यावर वर मिळालेले असतात, त्यांना वेगळी संधी लागतच नाही. आलेल्या बेरजेची दुप्पट करून तिने त्याच्या गुणांना भागायचे. समजा, एकाने ३० शॉट आणि १० फ्री थ्रो घेऊन ४० गुण केले. ३० अधिक ४.४ म्हणजे ३४.४, दुप्पट ६८.८, भागाकार ०.५८. दुसऱ्याने १४ शॉट आणि ४ फ्री थ्रोंत २२ गुण केले. त्याचा भागाकार येतो ०.७०. म्हणजे संधीमागे दुसरा सरस. मग पहिल्याचे शॉट काढून दुसऱ्याला द्यावेत का?

इथे अर्धवट आकडेमोड करणारे फसतात. दुसऱ्याचे १४ शॉट बहुतेक फुकटचे असतात. बचाव पहिल्याभोवती गोळा झालेला असतो, याला मोकळ्यात चेंडू मिळतो. त्याच माणसाला ३० शॉट मारायला लावा, वरचे सोळा हाताला हात लागून मारावे लागतील आणि भागाकार खाली येईल. ओझे वाढले की नेम घसरतो, हे प्रत्येक खेळाडूच्या बाबतीत खरे आहे. म्हणून विचारायचे ते हे: सगळ्यांत जास्त ओझे उचलूनही याचा नेम संघाच्या सरासरीच्या वर राहतो का? आणि प्रतिस्पर्धी त्याला शॉट मारू देतात का? जो नुसताच चेंडू फेकत सुटतो त्याला समोरचा संघ आनंदाने फेकू देतो. गालिसवर संघ दोन-दोन माणसे सोडत. १९८३, १९८७, १९८९ आणि १९९१, अशा चार युरोपीय स्पर्धांत सर्वाधिक सरासरी त्याचीच होती. आठ वर्षांच्या या काळात प्रतिस्पर्धी बदलले, प्रशिक्षक बदलले, त्याच्याविरुद्धचे डावपेच बदलले. नुसत्या हावरेपणावर कोणी एवढा काळ टिकत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे गुण कुठून येत होते. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा १९८४ साली आली, तेव्हा ती ६.२५ मीटरवर होती. लांबून नेम धरणाऱ्यांची चैन सुरू झाली. गालिस त्या वाटेने फारसा गेला नाही. त्याचे बहुतेक गुण त्या रेषेच्या आत, रिंगजवळ आणि फ्री थ्रोच्या रेषेवर झाले. सहा फुटी माणसाने सात फुटी माणसांच्या गर्दीत शिरून गुण काढायचे, आणि तेही अशा नियमांत की बचाव करणारा रिंगखाली हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. एनबीएमध्ये त्या काळी झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, बंदी होती, युरोपात नव्हती. अमेरिकेत गार्डने, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूने, आपल्यासमोरचा माणूस मागे टाकला की पुढची वाट बरीचशी मोकळी मिळे. युरोपात तिथे आणखी एक दीपस्तंभ उभा असे.

ते तो कसे करत असे, याकडे लक्ष दिले तर भक्तीचा खरा आधार सापडतो. रिंगची उंची ३.०५ मीटर. २.१० मीटर उंचीचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, जागेवरून न उडता हात वर करतो तेव्हा बोटे साधारण पावणेतीन मीटरपर्यंत जातात. सहा फुटी गार्डची बोटे त्याच्या खाली तीस-पस्तीस सेंटिमीटर. ही तूट भरून काढायचे चार मार्ग आहेत. सेंटर उडण्याआधीच चेंडू सोडायचा. तो खाली येऊ लागेपर्यंत धरून ठेवायचा. रिंगच्या पलीकडे जाऊन रिंगचीच आड घ्यायची. किंवा खांदा त्याच्या छातीला लावून त्याची उडीच दाबून टाकायची. पहिला मार्ग सगळे शिकतात. दुसरा आणि चौथा एकत्र करणे ही गालिसची खासियत.

तो हवेत थांबतो, असे लोक म्हणत. हवेत कोणी थांबत नाही. उडी घेतल्यावर शरीर वर जाणार आणि त्याच वेगाने खाली येणार. फरक पडतो तो चेंडू कधी सोडला यात. सामान्य जंप शॉटमध्ये उडीच्या टोकाला किंवा त्याच्या जरा आधी चेंडू सुटतो, कारण पायांचा जोर तेव्हाच हातापर्यंत पोचलेला असतो. गालिस ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, वेगाने येई, शेवटचा ड्रिबल जोरात आपटून दोन्ही पायांवर थांबे आणि वर जाई. समोरचा उडाला की अंगाला अंग लागे. तो उतरू लागला की मग चेंडू सुटे, म्हणजे गालिस स्वतःही उतरत असताना. त्या क्षणी पायांचा जोर शून्य. सगळे काम मनगट आणि कोपरापासून पुढच्या हाताचे. शिकाऊ मुले ही नक्कल करायला जातात तेव्हा चेंडू रिंगच्या अलीकडेच पडतो, आणि प्रशिक्षक म्हणतो, नेम चुकला. नेम ठीक असतो, मनगटात तेवढे बळ नसते. धडक बसल्यावर कंबरेतून वळलेले धड पुन्हा सरळ करायला पोटाचे स्नायूही लागतात. मुष्टियुद्धाची आवड असलेल्या मुलाला धक्क्याची भीती नसावी, यात नवल नाही.

हे कौशल्य धावफलकावर कुठेही लिहिले जात नाही. तिथे फक्त दोन गुण चढतात. मोकळ्यात मारलेला सोपा ले-अपसुद्धा तिथे दोनच गुणांचा.

दुसरा आक्षेप जेतेपदांचा. गालिस ऑलिंपिक खेळला नाही, कारण १९८८ आणि १९९२ला ग्रीस पात्रच ठरला नाही. तो एनबीएमध्ये एकही सामना खेळला नाही. आरिस १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षे युरोपच्या अंतिम चारांत पोचला आणि तिन्ही वेळा उपांत्य फेरीत हरला: मिलान, मक्काबी तेल अवीव, बार्सिलोना. एनबीएचा मुद्दा आम्ही फार धरत नाही. १९८९पर्यंत एनबीएत गेलेल्या खेळाडूला आंतरराष्ट्रीय स्पर्धांत देशाकडून खेळताच येत नसे. ते दार उघडले तेव्हा गालिस बत्तिशीत होता. क्लबच्या पराभवांचे कारण मात्र खेळातच आहे. ज्या संघाचे आक्रमण दोन गार्डांच्या हातांतून चालते आणि ज्याच्या बाकावर तोलामोलाचे राखीव खेळाडू नसतात, त्याला हरवायला एका आठवड्याची तयारी पुरते. साखळीत असा संघ वर्षभर जिंकत राहतो, उपांत्य फेरीच्या एका रात्री अडकतो.

१९८७चे सोनेही निर्भेळ नव्हते, असे कोणी म्हणाले तर त्यात तथ्य आहे. सोव्हिएत संघाचा २.२१ मीटर उंचीचा अर्विदास साबोनिस टाचेच्या स्नायुबंधाच्या दुखापतीमुळे त्या स्पर्धेत नव्हता. सामने ग्रीसच्या घरी होते. तरी समोर मार्चुल्योनिस होता, वोल्कोव होता. हाच संघ, साबोनिस परतल्यावर, पुढच्या वर्षी सोलला ऑलिंपिक सुवर्ण जिंकला. ग्रीसने उपांत्य फेरीत पेत्रोविच आणि दिवाच यांच्या युगोस्लावियाला घरी पाठवले होते. दैवाने हात दिला म्हणून कौशल्य खोटे ठरत नाही. दैव नसते तर एवढी भक्ती मिळाली नसती, इतके मात्र मान्य करावे लागते.

खरा खड्डा वेगळ्याच ठिकाणी आहे. गालिस आरिसमध्ये आला १९७९ला. पहिल्या पाच हंगामांत क्लबने ग्रीसचे अजिंक्यपद एकदाच जिंकले, १९८३ला. १९८४ला पानायोतिस यानाकिस आरिसमध्ये आला. त्यानंतर १९८५ ते १९९१, सलग सात अजिंक्यपदे. गालिस तोच, त्याचे गुणही साधारण तेवढेच. बदल झाला तो दुसऱ्या गार्डमध्ये. अर्थात क्लबात आणखीही माणसे बदलली, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या यानाकिसला देणे हीसुद्धा तीच जुनी चूक होईल. पण जिथे एक आणि सात असा फरक आहे तिथे डोळे झाकून चालत नाही.

यानाकिस काय करत होता? प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत धोकादायक गार्ड बहुधा त्याच्या वाट्याला येई, म्हणजे गालिसला बचावात दम राखता येई. चेंडू पुढे आणायचे काम तो वाटून घेई. गालिसवर दोन माणसे धावली की मोकळ्या बाजूला उभा राहून तो लांबून शॉट मारी, त्यामुळे ती दोन माणसे पुढच्या वेळी धावायला कचरत. जत्रेतल्या संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ नायकाच्या पदाला मिळतो. ऑर्गनवाल्याने सूर आणि तबलजीने लय धरली नसती तर पद कुठे गेले असते, हे पहिल्या रांगेतल्या जाणत्यालाच कळते. ग्रीसमध्ये यानाकिसला मान मिळाला नाही असे नाही, तो राष्ट्रीय संघाचा कर्णधार होता. पण देवपण एकाच्याच वाट्याला आले. १९८७च्या अंतिम सामन्यात शेवटचे चार सेकंद उरले असताना निर्णायक दोन फ्री थ्रो टाकले ते आर्गिरिस काम्बूरिसने, ज्याच्याकडून गुणांची कोणी अपेक्षाही करत नव्हते. हे नाव आज ग्रीसबाहेर किती जणांना माहीत आहे?

अशा भक्तीची किंमत शेवटी खुद्द देवालाही मोजावी लागते. गालिस १९९२ला पानाथिनायकोसमध्ये गेला. तिथे वय वाढल्यावर त्याने खेळ बदलला, गुण कमी केले आणि सहकाऱ्यांना चेंडू देण्यात आघाडी घेतली. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत हुशार काळ असे आमचे मत, आणि नेमक्या त्याच काळाबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. १९९४च्या ऑक्टोबरात प्रशिक्षकाने त्याला सुरुवातीच्या पाचांत न घेता बाकावर बसवले. गालिस क्रीडागृहातून निघून गेला आणि पुन्हा कधी खेळला नाही. तो प्रशिक्षक होता कोस्तास पोलितिस, १९८७च्या विजेत्या राष्ट्रीय संघाचाही प्रशिक्षक. ३७ वर्षांच्या गार्डला सामन्यात पंधरा-वीस मिनिटे देणे हा साधा, रोजचा निर्णय आहे. पण ज्याला दहा वर्षे देव्हाऱ्यात बसवले त्याला बाकावर बसवायची रीत कोणी घालून दिलेली नव्हती, ना त्याला, ना प्रशिक्षकाला, ना प्रेक्षकांना.

भक्ती कौशल्यापासून सुटून किती दूर वाहत जाते, याचे ढळढळीत उदाहरण चीनच्या याओ मिंगचे. कारकिर्दीत सामन्यामागे १९ गुण आणि ९.२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), म्हणजे खेळाडू अव्वल. पण २०१०-११च्या हंगामात दुखापतीमुळे तो पाचच सामने खेळला, तरी प्रेक्षकांच्या मतांनी एनबीएच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याच्या पहिल्या पाचांत निवडून आला. आपल्याकडे सतनाम सिंग २०१५ला डॅलस मॅव्हेरिक्सकडून निवडला गेला, एनबीएच्या निवडीत नाव आलेला पहिला भारतीय. निवड झाल्यावर गाजावाजा खूप झाला. एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला पुढे एकही सामना मिळाला नाही. यात त्या मुलाचा दोष शून्य. ५२व्या क्रमांकावर निवडलेल्या बहुतेकांचे असेच होते, आणि हे आधीच माहीत असलेले कोणी सांगायला पुढे आले नाही.

गालिसच्या भक्तीने ग्रीसला दिले काय? मुले कोर्टावर आली, याबद्दल दुमत नाही. १९९५ला ग्रीसचा कुमार संघ मायदेशी विश्वविजेता झाला. २००५ला ग्रीस पुन्हा युरोपचा अजिंक्य ठरला आणि २००६ला जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याने अमेरिकेला १०१-९५ असे हरवले. दोन्ही वेळा प्रशिक्षक होता यानाकिस. आणि त्या संघाचा खेळ पाहा: पापालुकास, दियामांतिदिस यांच्यासारखे गार्ड, आधी पास देणारे, आधी बचाव करणारे. ३७ची सरासरी राखणारा त्यांत एकही नव्हता. मुलांना कोर्टावर खेचून आणले गालिसने. तिथे आल्यावर ती जो खेळ शिकली तो यानाकिसचा. पुतळा मुलांना प्रेरणा देतो, हे कळंगुटचे म्हणणे त्यामुळे अर्धे खरे आहे. उरलेला अर्धा भाग कोर्टावर असतो.

तर मग आपली कोर्टे. ताळगाव, नावेली, पेडे इथे चांगली बंदिस्त स्टेडियमे आहेत, २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्याने भरवल्या. पण मूल पहिल्यांदा चेंडू हातात घेते ते शाळेच्या किंवा चर्चच्या आवारातल्या उघड्या सिमेंट कोर्टावर. तिथले दुखणे ठरलेले. जून ते सप्टेंबर पाऊस, सिमेंटवर शेवाळ. ऑक्टोबरात ते ब्रशने घासून काढले नाही तर दोन पायांवर थांबणे, म्हणजे गालिसच्या खेळाचा पायाच, कोणी शिकवायला धजणार नाही, गुडघा जाईल. खाऱ्या हवेने रिंगला गंज चढतो, रिंग बोर्डाला जोडणारे बोल्ट आधी जातात आणि रिंग पुढे झुकते. प्लायवुडचा बोर्ड फुगला की बोर्डाला लागून आत जाणारा चेंडू मेल्यासारखा खाली पडतो, मुले बोर्ड वापरणेच सोडतात. सगळ्यांत कमी लक्ष जाते ते उंचीकडे. कोर्टावर सिमेंटचा नवा थर दोनदा चढला की जमीन सात-आठ सेंटिमीटर वर येते, खांब मात्र तोच राहतो. रिंग २.९७वर येते. त्या रिंगवर घडलेला मनगटाचा अंदाज नावेलीच्या ३.०५च्या रिंगवर प्रत्येक वेळी तोकडा पडतो, आणि गावात हिरो असलेला मुलगा तिथे ‘दडपणाखाली ढेपाळला’ म्हणून परततो. टेप घेऊन रिंगच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायला पाच मिनिटे लागतात.

नायक ओळखण्याच्या बाबतीत गोवा खरे तर ग्रीसपेक्षा शहाणा असायला हरकत नाही. पुतळ्याच्या वादात सगळ्यांच्या तोंडी पहिले नाव आले ते शंखवाळकरांचे. ऐंशीच्या दशकात गोव्याला संतोष चषक मिळवून देणाऱ्या संघाचा कर्णधार, भारताचाही कर्णधार, १९९७चा अर्जुन पुरस्कार, आणि जागा गोलरक्षकाची. गोल करणारा नव्हे, अडवणारा. न झालेल्या गोलांसाठी माणसाला लक्षात ठेवणारे प्रेक्षक आपल्याकडे आहेत.

बास्केटबॉलमध्ये ही नजर कमी पडते याचे एक कारण अगदी कारकुनी आहे. स्पर्धेत टेबलावर जो अधिकृत गुणतक्ता भरला जातो त्यात दोनच मुख्य गोष्टी असतात: कोणी किती गुण केले आणि कोणाचे किती फाउल झाले. किती शॉट मारून केले, हे त्यात नाही. पास कोणाचा, रिबाउंड कोणाचा, चेंडू कोणी घालवला, हेही नाही. आंतरशालेय स्पर्धेनंतर वर्तमानपत्राला जो निकाल जातो तो याच तक्त्यावरून, म्हणून बातमीत नाव येते सर्वाधिक गुण करणाऱ्याचे. पुढची निवड, सत्कार, शिष्यवृत्तीची शिफारस, सगळे त्या बातमीच्या कात्रणावर. वर दिलेला भागाकार करायचा म्हटले तरी शॉटांचा आकडाच हाती नसतो.

उपाय म्हणजे दुसरा तक्ता. एका संघामागे दोन विद्यार्थी, शक्यतो तिसऱ्याच शाळेचे. एकाने कोर्टावरून नजर न हलवता बोलायचे, दुसऱ्याने मान वर न करता लिहायचे. दोन्ही कामे एकाने केली की लिहिताना एक रिबाउंड हमखास सुटतो. रकाने सहा पुरतात: मारलेले दोन गुणांचे शॉट, तीन गुणांचे शॉट, फ्री थ्रो, पकडलेले रिबाउंड, बास्केट करून देणारा पास, घालवलेला चेंडू. शॉट आत गेला तर खुणेला गोल करायचा. शॉट मारताना फाउल होऊन चेंडू आत गेला नाही, तर तो शॉट मोजायचा नाही. नवखे लेखनिक तिथे सर्वांत जास्त चुकतात आणि धडक देऊन आत शिरणाऱ्याचाच भागाकार पडतो. पासच्या रकान्यात दोस्तीखात्यावर खैरात होते, म्हणून नियम आधीच ठरवावा: पास मिळाल्यावर दोनपेक्षा जास्त ड्रिबल पडले तर पासवाल्याला श्रेय नाही. प्रत्येक क्वार्टरनंतर, म्हणजे दर दहा मिनिटांच्या डावानंतर, दोन्ही संघांच्या बास्केटची बेरीज अधिकृत गुणतक्त्याशी ताडून पाहावी. चूक दहा मिनिटांच्या आतली असली तर सापडते, सामना संपल्यावर सापडत नाही. बचाव या तक्त्यातही उतरत नाही, त्यासाठी पंचांपैकी एकाला आणि दोन्ही प्रशिक्षकांना सामन्यानंतर एकच नाव चिठ्ठीवर लिहायला सांगावे, आपल्या संघाचे सोडून. स्पर्धा संपली की हे दोन्ही कागद निकालाला जोडून वर्तमानपत्राकडे आणि निवड समितीकडे पाठवावेत.